समुद्राकडे पाठ करून

समुद्रावर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला.

प्रथम पाहिला तो झल्लाकच्या किनाऱ्यावर. बहारीनमधल्या आम्हा मराठी मंडळींची हिवाळी सहल दरवर्षी तिथेच जात असे. हॉटेले तिथे, छत्र्या तिथे, थंड पेयांच्या टपऱ्या तिथे, आणि शुक्रवार उजाडला की साऱ्या बेटावरच्या मोटारी तिथेच. मुले पाण्यात, पुरुष पत्त्यांत आणि स्त्रिया बटाटेवड्यांच्या डब्यांत गुंतल्या असताना, सतरंजीच्या कडेला एक उंच, कृश गृहस्थ रस्त्याकडे तोंड करून स्वस्थ बसले होते. कुणीतरी म्हणाले, "अहो भाई, समुद्र मागे आहे तुमच्या."

"ठाऊक आहे," ते मान न वळवता म्हणाले. "आज त्याच्याकडे फार माणसं आलीत. माझी पाळी काय लागत नाय."

मंडळी हसली. भाई सूर्यास्तापर्यंत तसेच बसून होते. मी त्या वर्षी बेटावर नवखा होतो. भारतीय मुलांच्या एका शाळेत संस्कृत आणि हिंदी शिकविण्यासाठी आलो होतो. मला हसू आले नाही. उत्सवाच्या दिवशी गाभाऱ्याकडे न जाता सभामंडपातल्या खांबाशी बसून राहणारे एक वृद्ध मी लहानपणी आमच्या गावच्या देवळात पाहिले होते, त्यांची आठवण झाली. दर्शन नको म्हणून ते मागे राहत नसत, हे तेव्हाही मला कळत असे.

भाईंचे नाव मी लिहीत नाही. नावे सांगत सुटणे त्यांना मानवत नसे, याचे कारण पुढे येईलच. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावचे कोकणी मुसलमान. मनामातल्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. समुद्रात भराव घालून नवी जमीन करण्याचे ते दिवस. जिथे काल होडी उभी राहत असे तिथे आज रस्ता निघे, आणि तो रस्ता कागदावर आधी भाईंच्या हातून उतरलेला असे. त्यांची रेघ विलक्षण स्वच्छ होती. वरिष्ठ तिचे कौतुक करीत. भाई मात्र म्हणत, "सहा दिवस मी किनारा सरळ करतो, गुरुजी. सातव्या दिवशी वाकडा बघायला नको?"

हा वाकडा किनारा शोधणे हे त्यांचे वेड. दर शुक्रवारी पहाटे ते आपली जुनी पिकअप काढीत आणि जिथे कुणी जात नाही अशा एखाद्या कोळ्यांच्या गावी जाऊन दुपारच्या नमाजापर्यंत परतत. चार झोपड्या, एक मशीद, खजुराची झाडे आणि पुढे उथळ पाणी, एवढेच ते गाव. परतल्यावर कुठे गेलो होतो हे सांगत नसत. त्यामुळे लोक त्यांना किनारेवाले म्हणू लागले, आणि चेष्टा करू लागले. "काय किनारेवाले, आज कुठलं बंदर जिंकलंत?" असे कुणी विचारले की ते गंभीरपणे म्हणत, "बंदर नाय हो. बंदर असतं तर तुम्ही आधी पोचला असतात."

कुणी मनापासून पत्ता मागितला तरी त्यांची एक खोड होती. आमच्यातल्या एका इंजिनियरच्या पत्नीने एकदा एखादा निवांत किनारा सुचविण्याचा आग्रह धरला. भाईंनी कागद मागवला, पेन्सिल काढली आणि अतिशय सुबक नकाशा काढून दिला. या बागेपासून डावीकडे, त्या पडक्या भिंतीपासून उजवीकडे, पाण्याच्या टाकीला वळसा. ते कुटुंब त्या नकाशाबरहुकूम अर्धा दिवस फिरले आणि अखेर झल्लाकच्या हॉटेलापुढे येऊन पोहोचले. पुढच्या भेटीत बाईंनी जाब विचारला.

"अहो भाई, फसवलंत की आम्हाला."

"फसवलं कुठं? मुलांना आइसक्रीम मिळालं ना?"

"मिळालं."

"मग तुम्हाला तोच किनारा पाहिजे होता, वहिनी."

मला त्यांनी आपण होऊन नेले. का नेले हे मी कधी विचारले नाही. उम्म अल हस्सममधल्या आमच्या इमारतीखाली एका पहाटे पिकअप येऊन थांबली आणि खालून हाक आली, "गुरुजी, स्नानसंध्या आटपली असली तर यल्ला, चला." पत्नीने दुधात भिजविलेल्या दशम्या बांधून दिल्या. प्रवासात मी दुसरे काही खात नाही हे भाईंना कुठून तरी ठाऊक झाले होते. त्यांनी स्वतःसाठी आणलेली मासळीचे कालवण वाटेतच एका पहारेकऱ्याला देऊन टाकली आणि दशमीला हात पुढे केला.

गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबविली, वहाणा काढून सीटखाली ठेवल्या आणि अनवाणी चालू लागले. मीही तसेच केले. आधी ते गावच्या विहिरीवर गेले. ओंजळभर पाणी प्याले, मलाही प्यायला लावले. मग मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना सलाम केला, प्रत्येकाची प्रकृती विचारली. मग किनाऱ्यावर एका उलट्या होडीच्या सावलीत जाऊन समुद्राकडे पाठ करून बसले आणि मलाही बसण्याची खूण केली.

"भाई, समुद्र पाहण्यासाठी आलो ना आपण?" मी विचारले.

"गुरुजी, तुमच्या घरी कोणी आला आणि उंबऱ्यातनंच घरभर डोळे फिरवायला लागला तर बरं वाटेल?"

"नाही."

"मग बसा. पाणी प्यालो, माणसांना भेटलो. आता यजमानाला कळूदे कोण आलंय ते."

आम्ही बसून राहिलो. पाठीला वारा लागत होता, मागे पाण्याचा अगदी हलका आवाज होता. मी मनातल्या मनात जप सुरू केला. बऱ्याच वेळाने भाई म्हणाले, "आता बघा."

मी वळलो. ओहोटी पूर्ण लागली होती. नजर पोहोचेल तिथपर्यंत पाणी नव्हते. ओली, वळ्यावळ्यांची भूमी होती आणि तिच्यात खजुराच्या काठ्यांनी रचलेला एक मासे धरण्याचा विशाल सापळा, एखाद्या यज्ञाची वेदी आखावी तसा रेखीव उभा होता. समुद्र जणू आसनावरून उठून आत गेला होता आणि त्याचे आसन तेवढे मागे राहिले होते. शास्त्र सांगते की पर्वकाळावाचून समुद्राला स्पर्श करू नये, त्याचे नुसते दर्शन घ्यावे. ती आज्ञा मी पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझे हात आपोआप जोडले गेले. भाईंनी ते पाहिले.

त्यानंतर आम्ही अनेक गावांना गेलो. कुठे मोत्यांसाठी बुड्या मारण्यात आयुष्य गेलेले म्हातारे भेटत, कुठे नुसतेच बगळे. एखाद्या ठिकाणी थंड पेयांची टपरी नव्याने उभी राहिलेली दिसली की भाई गाडीतून उतरतसुद्धा नसत. "खलास," एवढेच म्हणत आणि चाक फिरवीत. परतीच्या वाटेवर ते गप्प असत. सुतक असलेल्या घरातून परतताना माणसे असतात तसे. त्यांचा असा दृढ विश्वास होता की जागा सांगितली की ती मरते. "मी नाव सांगायचं, त्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं मोटार घेऊन यायचं, आणि मग माझ्याच टेबलावर त्याचा नकाशा यायचा," ते म्हणत. हे ते हसत म्हणत असले तरी ते हसणे वरवरचे होते.

माझी आई कोकणात, आमच्या जुन्या घरी, थोरल्या बंधूंकडे असे. मी रजेवर गेलो की पायरी चढण्यापूर्वी ती मला विहिरीचे ताजे पाणी देई आणि मी प्यालो की विचारी, "तिथलं पाणी कसं आहे रे?" मी दर खेपेस सांगे, "खारट." मनामातल्या नळाच्या पाण्याला खरोखरच खारट चव होती. ती पुन्हा तांब्या भरून पुढे करी. समुद्रापलीकडे गेलेल्या मुलाबद्दल तिला दुसरी कोणतीही काळजी नव्हती. नोकरी, पगार, परधर्म, परका देश, काही नाही. पाणी तेवढे खारट होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी तार आली. आई गेली होती. अंत्यसंस्कार बंधूंनी केले होते. माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी कचेरीत अडकलेला. दहाव्यापर्यंत गावी पोहोचणे शक्य नव्हते. दहाव्या दिवशी इथूनच तिलांजली द्यावी असे ठरले, आणि ठरल्यापासून माझे चित्त स्थिर राहीना.

आपल्याकडे दहा दिवस मृताला तहान असते असे मानतात आणि त्या तहानेला आपण पाणी देतो. ते नदीचे असावे, विहिरीचे, तळ्याचे, वाहते, जिवंत असावे. इथे नळात होते ते खारट आणि समोर होता तो समुद्र. शास्त्रात सोय आहे. घरातल्या पाण्यातही मंत्राने गंगेला बोलावता येते, हे मी इतरांना कितीदा सांगितले होते.

"अहो, बादलीत गंगा म्हणा आणि द्या," पत्नी समजावीत होती. "देव काय चव घेऊन बघणार आहे?"

"देव बघणार नाही," मी म्हणालो. "ती बघेल."

हे बोलणे चालू असताना भाई समाचाराला आलेले होते. ते दाराशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी आईचे वय विचारले, दुखणे विचारले, मग बराच वेळ पायांच्या बोटांकडे पाहत राहिले. "म्हणजे खारं पाणी नको," ते शेवटी म्हणाले. मी मान हलविली. ते तसेच उठून निघून गेले.

दोन दिवसांनी पुन्हा आले ते उभ्यानेच बोलले.

"दहावा कधी?"

"बुधवारी."

"बुधवारी ओहोटी दहाच्या सुमाराला आहे. मी सिक लीव टाकतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक जागा आहे, गुरुजी. दर्यात गोडं पाणी आहे. वर खारं, खालनं गोडं. तिथं मी आजवर कोणाला नेलं नाय. माझ्या बायकोला पण नाय."

"मग मला नेऊ नका, भाई. तुमचा नेम मोडतो."

"नेम माझा आहे. आई तुमची आहे." त्यांनी चौकटीवर हात ठेवला. "एवढं मात्र आहे की यंदा पाणी असेल का ते मी सांगू शकत नाय. जिकडं तिकडं पंप बसतायत. गेल्या साली होतं. आणि जाताना रस्ता बघू नका. बघितलात तर विसरा."

बुधवारी मी गाडीत बसलो आणि डोळे मिटून जप करीत राहिलो. गाडी किती वळली, कुणीकडे वळली, मी पाहिले नाही. थांबली तेव्हा डोळे उघडले. एक लहानसे गाव, ओट्यावर एकच म्हातारा. भाई त्यांना हाजी म्हणत. तरुणपणी ते मोत्यांच्या होड्यांवर पाणबुडे होते, आणि खोल समुद्रात होड्या आठवडेच्या आठवडे राहत तेव्हा तळाशी बुडी मारून झऱ्याचे गोडे पाणी भरून आणणे हे त्यांचे काम होते. ते आमच्यासाठी बकऱ्याच्या कातड्याची पखाल घेऊन तयार होते.

भाईंनी नम्रपणे ती बाजूला ठेवली आणि पिकअपमधून कापडात गुंडाळलेले काहीतरी काढले. तांब्याचा नवाकोरा तांब्या होता, चिंचेने घासून लख्ख केलेला.

"चामड्याचं तुम्हाला चालायचं नाय हे मला ठाऊक," ते म्हणाले. "मग कशाचं चालतं ते वहिनींना विचारून घेतलं. चिंच त्यांनीच दिली."

त्या दिवशी त्यांनी विहिरीवर पाणी प्यायला लावले, हाजींची विचारपूस केली, आणि मग, ओहोटी उलटण्याची भीती असतानाही, समुद्राकडे पाठ करून बसले. मीही बसलो. तेवढा वेळ मला युगासारखा वाटला, पण यजमानाला न विचारता आत शिरण्याचा दिवस तो नव्हताच.

मग आम्ही तिघे पाण्यात उतरलो. उन्हाने तापलेले खारे पाणी घोट्यापर्यंत होते, पुढे गुडघ्यापर्यंत झाले. झऱ्याच्या मुखावर जुन्या लोकांनी खजुराचे एक पोकळ खोड रोवून ठेवलेले होते, त्यातून गोडे पाणी वर येत असे. ते खोड दिसेना. वादळाने नेले असावे असे हाजी म्हणाले. आता ती जागा डोळ्यांनी सापडणार नव्हती. "पाय सांगेल," भाई म्हणाले. "गार लागलं की तिथं थांबा."

आम्ही पसरून चालू लागलो. सगळीकडे पाणी सारखेच कोमट होते. हाजींनी एकदा क्षितिजाकडे पाहून काही म्हटले. "काय म्हणतात?" मी विचारले. "पाणी वळलं म्हणतायत," भाई म्हणाले. भरती सुरू झाली होती. माझ्या मुठीत तीळ होते, बोटात दर्भ होता, आणि पायाखाली कुठे काही नव्हते. भाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्या जागेसाठी त्यांनी आपला नेम मोडला तीच आज त्यांच्या शब्दाला जागत नव्हती, आणि तहानेलेल्या म्हाताऱ्या आईचा मुलगा त्यांच्या भरवशावर तिथे उभा होता.

मग माझ्या डाव्या तळव्याला खालून कुणीतरी गार तळहात लावावा तसे झाले. मी थांबलो. हात वर केला. पायाभोवतीचे पाणी तेलासारखे गुळगुळीत होऊन थरथरत होते आणि त्याच्या मध्यातून वाळूचे कण नाचत वर येत होते. भाई धावत आले, वाकले, हात घातला.

"हाच," ते म्हणाले. "कौकब म्हणतात ह्याला. ताऱ्याला पण अरबीत हाच शब्द. गुरुजी, आधी तुम्ही चाखा. खारं असलं तर उगाच आईला नको."

मी अगदी मुखाशी ओंजळ धरली आणि ओठाला लावली. किंचित मचूळ होते. पण गोडे होते, गार होते आणि जिवंत होते. साऱ्या समुद्राच्या मधोमध ते एकटे गोडे होते. आईचा प्रश्न मला ऐकू आला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला तिला हवे होते ते उत्तर देता येत होते. मी मोठ्याने म्हणालो, "गोड आहे."

भाईंनी तांब्या माझ्यापुढे धरला. माझा हात लागावा, त्यांचा लागू नये, अशा बेताने काठाला फडके गुंडाळलेले होते.

"तुम्ही भरा," मी म्हणालो. "आणि तुम्हीच माझ्या ओंजळीत घाला."

"मी? चालेल?"

"तुमच्यावाचून हे पाणी मला कुठले?"

त्यांनी फडके सोडून खांद्यावर टाकले, तांब्या झऱ्याच्या तोंडावर दाबून धरला, भरला, आणि मी दक्षिणेला तोंड करून उभा राहिल्यावर माझ्या ओंजळीत धार धरली. धार धरताना त्यांनी मान दुसरीकडे वळविलेली होती. दोन माणसांचे घरातले बोलणे चालू असताना तिसरा वळवतो तशी.

मी आईचे नाव, गोत्र उच्चारून अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडले. काळे तीळ झऱ्यावर पडले. ते वाहून गेले नाहीत. खालून येणाऱ्या पाण्याने त्यांना उचलून धरले आणि ते त्या थरथरत्या वर्तुळात फिरत राहिले, गोड्या पाण्याची सीमा न ओलांडता. वेदांत पाण्याला आई म्हटले आहे. हे वाक्य मी शेकडो मुलांना शिकविले आणि त्यांनी इंग्रजीत मला त्याचा अर्थ लिहून दिला. ते माझ्या डोळ्यांसमोर घडताना मी त्या सकाळी पाहिले. मग भरतीची एक हलकी लाट आली, वर्तुळ मिटले आणि तीळ दिसेनासे झाले.

परत चालताना हाजींनी भाईंना काही विचारले. भाईंनी उत्तर दिले. हाजी थांबले, हात वर करून हलक्या आवाजात काही पुटपुटले. मी नंतर विचारले.

"विचारत होते, आई कुठल्या. म्हटलं, ह्याच दर्याच्या पलीकडच्या काठच्या. तर म्हणाले, मग आमच्याच. दुवा मागितली त्यांनी."

पुढे आमच्या मंडळींत कुजबुज व्हायचीच. "दहावं कुठे केलंत हो गुरुजी?" मी सांगत नसे. एकाने भाईंसमोरच सुनावले, "झरा काय बापजाद्यांचा आहे? उद्या आम्हालाही लागेल." भाई म्हणाले, "लागेल तेव्हा मला सांगा. मी नेईन. सहलीला नाय. रडायला यायचं असेल तर या." आणि त्यांनी ते पाळले. ज्याच्या घरून तार येई, त्याच्या दाराशी भाईंची पिकअप उभी राही. आमचे लोक तिथे जाऊन आले, मलयाळी जाऊन आले, कुणी ख्रिस्ती नर्स नुसती रडून आली. प्रत्येकाला वाटेत डोळे मिटायला लावीत. तांब्या पिकअपमध्ये कायमचा राहू लागला. सहलीत त्यांची चेष्टा करणारेच एकमेकांना सांगू लागले की किनारेवाल्यांना निरोप धाडा.

ऐंशीनंतर बेट फार झपाट्याने बदलले. वाळवंटात हमद टाउनच्या घरांच्या रांगा आणि चौक उठू लागले, खजुराच्या जुन्या बागा सुकू लागल्या. गावोगावच्या विहिरींवर आम्ही जात असू, त्यांचा तळ दिसू लागला. माझी निवृत्ती ठरली तेव्हा मी भाईंना म्हटले, एकदा तिथे नेऊन आणा. त्यांनी लगेच होकार दिला नाही. पण नेले.

हाजी त्यापूर्वीच वारले होते. ओट्यावर कुणी नव्हते. आम्ही नेमाने पाठ करून बसलो, मग उतरलो. पायांनी शोधत राहिलो, पाणी वळेपर्यंत. सगळे पाणी सारखे कोमट होते. भाई माझ्यापासून दूर, एका जागी स्थिर उभे राहिले. पायाने तळाची वाळू चाचपून त्यांनी ती जागा ओळखली होती. मी जवळ गेलो.

"मफी," ते म्हणाले. नाही, संपले, या अर्थाचा तो साधा शब्द. दुकानात, बसमध्ये दिवसातून कितीदा कानावर पडे. त्या दिवशी मला तो सोसवला नाही.

"मी सांगितलं म्हणून नाय ना मेला, गुरुजी?" त्यांनी विचारले.

"नाही, भाई. पंपांनी आटला. तुम्ही सांगितलेत म्हणून कितीजणांची माणसे तहानेली गेली नाहीत."

भाई विमानतळावर निरोप द्यायला आले तेव्हा कापडात गुंडाळलेला तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला. "तिकडं गोड्या पाण्याला तोटा नाय," म्हणाले. "इथं हा नुसता पडून राहील."

काही वर्षांनी तेही गावी परतले आणि त्यानंतर फार जगले नाहीत. बातमी मला उशिरा कळली. मी तांब्या पिशवीत घातला आणि त्यांच्या गावी गेलो. धाकट्या मुलाने मला पाहताच ओळखले. "तुम्ही गुरुजी ना? अब्बा सांगून ठेवून गेले होते, येतील म्हणून."

मी वहाणा गावाबाहेरच काढल्या होत्या. त्यांच्या विहिरीवर गेलो, पाणी प्यालो, घरातल्या साऱ्यांची विचारपूस केली. मग मुलाबरोबर कबरस्तानात गेलो. साधी मातीची कबर होती, उशाला एक दगड.

"तुमच्यात इथे काय करतात?" मी विचारले.

"पाणी घालतो," तो म्हणाला. "बाकी काय नाय. पाणी घालायचं आणि दुवा मागायची."

मी पिशवीतून तांब्या काढला. तो त्यांच्याच विहिरीवर भरून घेतलेला होता, काठोकाठ. मी हळूहळू, धार न मोडता, कबरीच्या लांबीभर पाणी घातले. माती कोरडी होती. तिने ते लगेच घेतले.

"आत त्यांचे तोंड कुठे असते?" मी विचारले.

"किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला. आपल्या इथनं पश्चिमेला."

पश्चिमेला कबरस्तानाची बुटकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे उताराखाली समुद्र होता, अगदी जवळ. मी पाहुणा होतो. नेमाप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून कबरीपाशी बसलो. भाई आता पाहुणे नव्हते. ते थेट त्याच्याकडे पाहत होते.